आकाशवाणी आणि सत्यवाणी

आपल्या पुराणांत आकाशवाणी होते ती क्वचितच. परंतु जेव्हां होते तेव्हां ती खोटी ठरली, असें उदाहरण आमच्या वाचनांत नाहीं. देवकीचा रथ हांकणाऱ्या कंसाच्या कानीं जी वाणी पडली, ती कोणीं उच्चारली हें पुराणकार सांगत नाहींत, आणि कंसही तें विचारीत नाहीं. तो संतापतो, तलवार उपसतो, पण ही वाणी असत्य असेल अशी शंका त्याच्या मनाला शिवत नाहीं. बोलणारा दिसत नाहीं, म्हणून त्याचा कांहीं स्वार्थ नसावा. आणि ज्याला स्वार्थ नाहीं त्याला खोटें बोलण्याचें कारण नाहीं, अशी कांहींशी समजूत त्या कल्पनेच्या मुळाशीं असली पाहिजे. विसाव्या शतकांत यंत्राच्या साह्यानें निर्देह आवाज घरोघर येऊं लागला, तेव्हां आपल्या लोकांनीं त्यालाही तेंच जुनें नांव दिलें. नांव जुनें राहिलें. त्याबरोबरची हमी मात्र राहिली नाहीं. या नव्या आकाशवाणीच्या मागें खर्च करणारा कोणी असतो, हुकूम सोडणारा कोणी असतो, आणि तो सहसा निःस्वार्थी नसतो.

यांतून जो नैतिक प्रश्न उत्पन्न होतो तो आम्ही येथें विचारांत घेणार आहों. एखाद्या राष्ट्राच्या राजधानींतून, त्या राष्ट्राच्या शुद्ध भाषेंत, त्याच राष्ट्राच्या माणसांच्या तोंडून असत्य बोललें जात आहे. आणि समुद्रापलीकडून, परक्या सरकारच्या खर्चानें, परक्या भूमीवरून सत्य सांगितलें जात आहे. अशा वेळीं त्या राष्ट्राचा स्वतःचा आवाज कोणता? आणि तें परकें सरकार जर स्वतःच्या फायद्यासाठींच सत्य सांगत असेल, तर त्या सत्याची नैतिक किंमत काय? हा प्रश्न कल्पनेंतला नाहीं. १९४० ते १९४४ या चार वर्षांत फ्रेंच जनतेपुढें तो रोज रात्रीं उभा राहत होता.

प्रथम पॅरिसच्या केंद्राचा इतिहास थोडक्यांत सांगितला पाहिजे. १९२२ च्या नोव्हेंबरांत विद्युत्-यंत्रें बनविणाऱ्या एका कंपनीनें 'रादिओला' नांवाचें केंद्र सुरू केलें. आपले संच खपावे हा त्यांतला सरळ हेतु होता, आणि त्यांत गैर कांहीं नव्हतें. १९२४ मध्यें त्याचें नांव 'रेडिओ पॅरिस' असें झालें. १९३३ च्या अखेरीस तें सरकारनें आपल्या ताब्यांत घेतलें. दुसरें महायुद्ध सुरू झालें त्या सुमारास फ्रान्समध्यें सुमारें ५० लाख संच होते, आणि रेडिओ पॅरिसचा आवाज हा देशाच्या कानाकोपऱ्यांतील कुटुंबांना आपल्या घरांतल्या वडील माणसाच्या आवाजाइतका ओळखीचा झाला होता.

१४ जून १९४० रोजीं पॅरिस जर्मनांच्या हातीं गेलें. विजेत्यांनीं हें केंद्र मोडून टाकलें नाहीं, किंवा त्याचें नांवही बदललें नाहीं. आणि त्यांतच त्यांची चतुराई होती. तेंच नांव, तीच भाषा, तेच सफाईदार उच्चार. फक्त धनी बदलला. जर्मन लष्कराच्या प्रचारखात्याच्या देखरेखीखालीं फ्रेंच निवेदक, फ्रेंच नट आणि फ्रेंच गवई तेथें काम करूं लागले. केंद्राचा वाद्यवृंद उत्कृष्ट होता; देशांतले नांवाजलेले गायक तेथें गात असत. श्रोता गाण्यासाठीं संच लावी, आणि दोन गाण्यांच्या मध्यें त्याला ज्यूंविरुद्धचें विष आणि इंग्रजांविरुद्धचा तिरस्कार पाजला जाई. झाँ एरोल्द-पाकी नांवाचा भाष्यकार १९४२ पासून आपल्या भाषणाचा शेवट नेहमीं एकाच घोषणेनें करीत असे: प्राचीन कार्थेजप्रमाणें इंग्लंडचा नाश झालाच पाहिजे, अशी ती घोषणा होती. रोमच्या केटोची ही उसनी घेतलेली वाणी जर्मन पगारावर बोलली जात होती.

आतां समुद्रापलीकडे पाहूं. १७ जून १९४० रोजीं मार्शल पेताँ यांनीं नभोवाणीवरून देशाला सांगितलें कीं, लढाई थांबविली पाहिजे. दुसऱ्या दिवशीं, १८ जूनला, लंडनच्या बी. बी. सी. केंद्रावरून जनरल द गोल हा तोंवर फारसा कोणाला ठाऊक नसलेला सेनाधिकारी बोलला आणि लढाई संपलेली नाहीं असें त्यानें सांगितलें. हें भाषण त्या दिवशीं फार थोड्यांनीं ऐकलें. त्याचें ध्वनिमुद्रणही शिल्लक नाहीं. पुष्कळदां ऐकविलें जातें तें मुद्रण चार दिवसांनंतरच्या, २२ जूनच्या भाषणाचें आहे. इतिहासाला कलाटणी देणारा आवाज उच्चारला गेला त्या क्षणीं बहुतेक अनैकित राहिला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. वाणीचें सामर्थ्य एका भाषणांत नसतें. तें पुनःपुन्हां खरें ठरण्यांत असतें.

तें खरें ठरण्याचें काम पुढें एका लहानशा मंडळीनें केलें. मिशेल सँ-दनी हा नाट्यदिग्दर्शक 'झाक द्यूशेन' हें नांव घेऊन तिचा प्रमुख झाला. त्याच्याभोंवतीं पिएर बूर्दां व झाँ मारँ हे पत्रकार आणि झाँ ओबेर्ले हा चित्रकार जमले. १९४० च्या सप्टेंबरपासून त्यांच्या कार्यक्रमाला 'फ्रेंचांशीं फ्रेंच बोलत आहेत' अशा अर्थाचें नांव मिळालें. याशिवाय द गोल यांच्या चळवळीला रोज पांच मिनिटें स्वतंत्र दिलेलीं होतीं. त्यांत मोरिस शूमान हा चार वर्षांत हजाराहून अधिक वेळां बोलला. या मंडळींपैकीं ओबेर्लेनें एका लोकप्रिय मेक्सिकन चालीवर दोन ओळींची एक रचना केली, आणि ती फ्रान्सभर मुलांच्या तोंडीं झाली. रेडिओ पॅरिस खोटें बोलतें, आणि रेडिओ पॅरिस जर्मन आहे, असा तिचा आशय.

त्या यमकांत एक तर्क दडलेला आहे, आणि आमच्या मतें तो उलटा आहे. रेडिओ पॅरिस जर्मन होतें म्हणून खोटें, असें ऐकणाऱ्याला वाटतें. पण परकेपणा हेंच जर असत्याचें कारण असेल, तर लंडनचें केंद्रही परकेंच होतें. त्याचे दिवे, तारा, प्रक्षेपक-यंत्रें, पगार, सारें इंग्रजांचें होतें. उलट रेडिओ पॅरिसवर बोलणारीं माणसें अस्सल फ्रेंच होतीं, आणि जमीनही फ्रान्सची होती. तेव्हां खरा क्रम असा मांडला पाहिजे कीं, रेडिओ पॅरिस खोटें बोलूं लागलें म्हणून तें परकें झालें. भाषा, भूमि आणि रक्त हीं तिन्ही जवळ असूनही आपलेपण गेलें. आणि यांपैकीं भूमि हातीं नसतांही लंडनच्या मंडळीकडे तें आलें. आपला आवाज म्हणजे आपल्याला फसवीत नाहीं तो आवाज, एवढी एकच व्याख्या या कसोटीला उतरते.

पण फसवीत नाहीं हें कळावें कसें? खोटें बोलून फायदा असतां जो खरें बोलतो, त्याच्याविषयींच तें कळूं शकतें. लंडनच्या मंडळीवर हा प्रसंग फार लवकर आला. ३ जुलै १९४० रोजीं अल्जीरियाच्या किनाऱ्यावर मेर्स-अल-केबीर येथें ब्रिटिश आरमारानें नांगरलेल्या फ्रेंच युद्धनौकांवर तोफा डागल्या. ही जहाजें जर्मनांच्या हातीं पडतील या भीतीनें हें कृत्य झालें, आणि त्यांत १,२९७ फ्रेंच खलाशी मेले. कालपर्यंत जे दोस्त होते त्यांनीं ही कत्तल केली होती, आणि त्याच दोस्तांच्या ध्वनिक्षेपक यंत्रासमोर बसून फ्रेंचांशीं फ्रेंचांनीं बोलावयाचें होतें! ८ जुलैला द गोल बोलले. ही घटना म्हणजे आरमारी विजय, असें मिरवूं नका, असें त्यांनीं इंग्रजांना बजावलें. ती एक भयंकर शोकांतिका आहे हें त्यांनीं मान्य केलें. आणि तरीही तीं जहाजें शत्रूच्या उपयोगीं पडण्यापेक्षां बुडणें बरें, हा आपला कठोर निर्णयही सांगितला. त्यांचा निर्णय कोणाला पटो वा न पटो. ज्या घरांत दुःख झालें त्या घरांत जाऊन दुःख झालेंच नाहीं असें त्यांनीं म्हटलें नाहीं, हें महत्त्वाचें. पुढें १९४२ च्या फेब्रुवारींत सिंगापूर पडलें, जूनमध्यें तोब्रुक पडलें. या बातम्याही लंडननें सांगितल्या. जो पराभव लपवीत नाहीं, त्याची विजयाची बातमी लोक खरी मानतात.

येथें एक गंभीर आक्षेप येतो, आणि त्याला बगल देणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आक्षेपक म्हणेल: ही सत्यनिष्ठा नव्हे, हें सत्याचें धोरण आहे. पराभव सांगितला तो पुढच्या बातमीवर विश्वास बसावा म्हणून. दुकानदार वजन बरोबर करतो तें गिऱ्हाईक टिकावें म्हणून; त्याला कोणी धर्मराज म्हणत नाहीं. या आक्षेपाला पुरावाही भक्कम आहे. ज्या ब्रिटिश सरकारनें बी. बी. सी. वरून खरें सांगूं दिलें, त्याच सरकारच्या दुसऱ्या एका गुप्त खात्यानें त्याच बेटावरून खोट्या नांवाचीं केंद्रें चालविलीं. १९४१ मध्यें सुरू झालेलें 'गुस्ताव्ह झीगफ्रीड आइन्स' हें केंद्र जर्मनीच्या आंतूनच बोलत आहे असें भासवीत असे. १९४३ मधलें 'सोल्डाटेनझेंडर कॅले' हें जर्मन सैनिकांचें आपलें केंद्र असल्याचा आव आणी. सेफ्टन डेल्मर हा पत्रकार या विद्येंतला आचार्य होता. म्हणजे सत्य हें एका दालनांत आणि असत्य शेजारच्या दालनांत, आणि दोन्हींच्या किल्ल्या एकाच कमरेला!

हिंदुस्थानच्या वाचकाला तर हा आक्षेप विशेष झोंबेल. फ्रेंच जनतेला स्वातंत्र्याचा संदेश देणारा तो आवाज आपल्याकडे वळला कीं साम्राज्याचा आवाज होई. जॉर्ज ऑरवेल १९४१ ते १९४३ याच संस्थेंत हिंदुस्थानसाठींच्या कार्यक्रमांचें काम करीत होते, आणि तो काळ 'चले जाव'चा होता. ऑगस्ट १९४२ मध्यें चिमूर आणि आष्टी येथें जें घडलें त्याची हकीकत वृत्तपत्रांना मोकळेपणीं छापतां येत नव्हती. ती सांगण्याचें काम मुंबईंतल्या गुप्त काँग्रेस रेडिओनें केलें. ४२.३४ मीटरवर 'हिंदुस्थानांत कोठूनतरी' बोलणारें हें केंद्र उषा मेहता आणि त्यांचे सोबती एका घरांतून दुसऱ्या घरांत हलवीत असत; १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं तें पकडलें गेलें, आणि उषाबाईंना येरवड्याच्या तुरुंगांत धाडण्यांत आलें. फ्रेंच माणसानें लंडन ऐकलें तर तो देशभक्त. मुंबईकरानें काँग्रेस रेडिओ चालविला तर तो राजद्रोही. एकाच सरकारच्या राज्यांत गुप्त आकाशवाणी ही खाडीच्या एका बाजूस पुण्य आणि दुसऱ्या बाजूस गुन्हा ठरत होती.

मग आक्षेपकाचें म्हणणें मान्य करावें काय? अर्धें करावें, असें आम्हांस वाटतें. सत्य फायद्यासाठीं सांगितलें म्हणून तें असत्य होत नाहीं. ऐकणाऱ्याच्या पदरांत सत्यच पडतें. तोब्रुक पडल्याचें ज्यानें ऐकलें, त्याला तें पडल्याचेंच कळलें, सांगणाऱ्याच्या मनांत कांहींही असो. परंतु त्यावरून सांगणारा सत्यनिष्ठ ठरतो असें मात्र नाहीं. भारतांतील युधिष्ठिराची कथा येथें बोलकी आहे. जन्मभर तो खरें बोलला, म्हणूनच अश्वत्थाम्याच्या मरणाची ती अर्धी वार्ता द्रोणाला त्याच्याच तोंडून ऐकावयाची होती. त्याचा रथ जमिनीपासून चार अंगुळें वर चालत असे, तो त्या दिवशीं भुईला टेकला. आयुष्यभर सांठविलेली पत एका दिवशीं मोडून खर्च केली, एवढाच त्याचा अर्थ. व्यासांना हा प्रसंग गाळतां आला असता. त्यांनीं तो गाळला नाहीं, आणि त्यांत पांडवांचा जय झाला तरी रथ पुन्हां वर उचललाही नाहीं. सरकारें पत सांठवितात ती बहुधा अशाच दिवसासाठीं. म्हणून सरकारच्या सत्यावर विश्वास ठेवावा. सरकारवर ठेवूं नये.

परंतु हेंही लक्षांत घ्यावें कीं, सरकार एक आणि बोलणारीं माणसें निराळीं. १९४२ च्या नोव्हेंबरांत दोस्तांच्या फौजा उत्तर आफ्रिकेंत उतरल्या, आणि तेथें त्यांनीं विशी सरकारचा आडमिरल दार्लाँ याच्याशींच तडजोड केली. द गोल यांना त्याविरुद्ध बोलावयाचें होतें. त्यांचें भाषण लंडनहून होऊं दिलें गेलें नाहीं. तेव्हां त्यांच्या मंडळीनें त्या पांच मिनिटांत दुसरें कांहीं गोड बोलण्यापेक्षां कांहीं काळ गप्प राहणें पत्करलें, आणि आपला आवाज आफ्रिकेंतील ब्राझाव्हिल येथील स्वतःच्या केंद्रावरून उठविला. दुसऱ्याच्या यंत्रांतून सत्य बोलणाऱ्याची मर्यादा येथें दिसते, आणि त्याचा मानही येथेंच दिसतो. जें सांगूं दिलें जातें तें सांगावें. पण जें खोटें आहे त्याला आपला आवाज देऊं नये. मौन ही अशा वेळीं सत्याची शेवटची तटबंदी होय.

गुप्ततेविषयींही येथें एक भेद केला पाहिजे. लंडनच्या कार्यक्रमांत रोज कांहीं विचित्र वाक्यें वाचून दाखविलीं जात. वरवर पाहतां त्यांना कांहींच अर्थ नसे. जॉर्ज बेगे या गुप्त हेराच्या सूचनेवरून ही पद्धत सुरू झाली. ५ जून १९४४ च्या रात्रीं अशीं सुमारें दोनशें वाक्यें वाचलीं गेलीं, त्यांत व्हर्लेन कवीच्या एका कवितेंतल्या ओळी होत्या. रेल्वेमार्ग उखडण्यासाठीं एका विशिष्ट गटाला तो इशारा होता. हें असत्य होय काय? आम्हांला तसें वाटत नाहीं. ज्याच्यासाठीं तें वाक्य होतें त्याला त्याचा नेमका अर्थ कळत होता. इतरांना, आपल्याला यांतलें कांहीं कळत नाहीं, एवढें नक्की कळत होतें. दार लावून घेणें आणि खोट्या दाराचें चित्र भिंतीवर रंगविणें यांत जो फरक आहे तोच गुपित आणि असत्य यांत आहे.

या सर्व कथेंत सत्यवाणीचा अधिकार कोणाला, हा प्रश्न ज्या प्रसंगीं अगदीं उघडा पडला तो प्रसंग मे १९४४ मधला आहे. फिलिप आंरिओ हा त्या वर्षाच्या आरंभापासून विशी सरकारचा प्रचारमंत्री होता. वक्ता मोठा होता. दिवसांतून दोनदां बोले, आणि त्याचे विरोधकही त्याचें भाषण ऐकत. लंडनच्या मंडळींत १९४३ पासून पिएर दाक नांवाचा विनोदी नट दाखल झालेला होता. मूळ नांव आंद्रे इझाक, जातीनें ज्यू, पहिल्या महायुद्धांत फ्रान्ससाठीं लढून जखमी झालेला. १० मे रोजीं आंरिओनें त्याच्या ज्यूपणावर बोट ठेवून विचारलें कीं, या माणसाला फ्रान्सशीं काय कर्तव्य? दुसऱ्या दिवशीं दाक बोलला. विनोद करणें हें ज्याचें पोट, त्यानें त्या दिवशीं एकही विनोद केला नाहीं. पॅरिसच्या मोंपार्नास स्मशानभूमींत अमुक वाटेनें जा, असा त्यानें आंरिओला पत्ता सांगितला; तेथें माझा भाऊ मार्सेल निजला आहे, तो १९१५ सालीं मेला, आणि त्याच्या दगडावर तो फ्रान्ससाठीं मेला असें लिहिलें आहे. तुमच्या दगडावर मात्र हिटलरसाठीं मेला, फ्रेंचांच्या गोळीनें मेला, असें लिहावें लागेल, अशा आशयानें त्यानें भाषण संपविलें.

राष्ट्र म्हणजे काय यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. पण एका दफनभूमींतल्या पत्त्याइतकें नेमकें उत्तर त्यांत क्वचितच सांपडेल. आंरिओचें प्रमाण रक्त होतें. दाकचें प्रमाण दिलेलें रक्त होतें. पण या प्रसंगाला एक उत्तरार्ध आहे, आणि तो गाळून गोष्ट सांगणें म्हणजे तिचा उपयोग प्रचारासाठीं करणें होईल. २८ जूनला प्रतिकार-चळवळीच्या लोकांनीं आंरिओला पॅरिसमध्यें गोळ्या घालून ठार केलें. सूड म्हणून ७ जुलैला विशीच्या हस्तकांनीं झॉर्झ माँदेल यांचा खून केला. हे माँदेल १९३४ ते १९३६ या काळांत टपाल-तार खात्याचे मंत्री असतां फ्रान्सच्या नभोवाणीची व्यवस्था पाहत होते. वाणीला गोळीनें उत्तर देणें युद्धांत समजूं शकतें. तरी आमच्या मतें आंरिओचा पराभव ११ मे रोजींच झालेला होता. जूनमधल्या गोळ्यांनीं त्यांत कांहीं भर घातली नाहीं, उलट त्याला हुतात्म्याची मिरवणूक मात्र मिळवून दिली. एरोल्द-पाकी याला १९४५ च्या ऑक्टोबरांत न्यायासनासमोरून वधस्तंभाकडे नेण्यांत आलें. त्यानें कोणाला हातानें मारलें नव्हतें; तो फक्त बोलला होता. शिक्षेच्या प्रमाणाविषयीं मतभेद होवोत. परंतु बोलणें हें करणेंच आहे, हें तत्त्व त्या न्यायालयानें मान्य केलें तें योग्य होतें असें आम्ही समजतों.

आणि बोलणें जर करणें असेल, तर ऐकणेंही करणेंच होय. या बाजूकडे सहसा लक्ष जात नाहीं. ऑक्टोबर १९४१ च्या कायद्यानें विशी सरकारनें ब्रिटिश नभोवाणी ऐकणें हा गुन्हा ठरविला; दंड आणि तुरुंग दोन्ही त्यांत होतीं. शिवाय जर्मन यंत्रें त्या लहरींवर सतत घरघराट सोडीत. तरी लोक दारें-खिडक्या लावून, आवाज बारीक करून, संचाला कान लावून त्या घरघराटांतून शब्द वेंचीत. १ जानेवारी १९४१ रोजीं दुपारीं एक तास कोणीं घराबाहेर पडूं नये, एवढेंच लंडनहून सांगण्यांत आलें; आणि कित्येक गांवांतले रस्ते त्या तासांत ओस पडले. कांहींच न करून केलेली ही कृति होती. श्रोते गुप्त मार्गांनीं पत्रेंही पाठवीत, आणि तीं लंडनहून वाचून दाखविलीं जात. ज्याला सत्य ऐकण्यासाठीं कांहीं किंमत द्यावी लागते, तो त्या सत्याचा नुसता ग्राहक राहत नाहीं. तो त्याचा भागीदार होतो. उलट, गाणीं चांगलीं असतात म्हणून रेडिओ पॅरिस लावणारा, आणि आपण तर फक्त गातों असें म्हणून तेथें गाणारा, हे दोघेही एका अर्थानें त्या असत्याच्या दुकानाचें भाडें भरीत होते. त्यांना कोणी वधस्तंभावर नेऊं नये. पण त्यांनीं स्वतःला अगदीं निर्दोषही समजूं नये.

ऑगस्ट १९४४ मध्यें रेडिओ पॅरिसचा आवाज बंद पडला. २४ ऑगस्टच्या रात्रीं स्वातंत्र्याचे पहिले रणगाडे नगरभवनापाशीं पोंचले, तेव्हां पिएर शेफेर यांनीं मोकळ्या झालेल्या नभोवाणीवरून शहरांतल्या धर्मगुरूंना चर्चच्या घंटा वाजविण्याचें आवाहन केलें, आणि घंटा वाजूं लागल्या. ही कथा येथेंच संपविली तर ती सुखान्त होईल. पण नीतीच्या प्रश्नांना सुखान्त नसतो. १९४५ मध्यें खासगी केंद्रांचे परवाने काढून घेऊन नभोवाणी हा सरकारचा मक्ता करण्यांत आला. दहा-बारा वर्षांतच अल्जीरियांत स्वातंत्र्ययुद्ध पेटलें, आणि आतां फ्रान्सचीच अधिकृत वाणी अल्जीरियन जनतेच्या दृष्टीनें रेडिओ पॅरिस झाली. १९५६ च्या अखेरीस 'लढणाऱ्या अल्जीरियाचा आवाज' सुरू झाला; फ्रेंच यंत्रें त्यावर घरघराट सोडूं लागलीं, आणि अल्जीरियन कुटुंबें संचाला कान लावून त्या घरघराटांतून शब्द वेंचूं लागलीं. फ्रांझ फानों यांनीं १९५९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या ऐकण्याचें जें वर्णन केलें आहे, तें वाचतांना १९४२ च्या फ्रेंच घराची आठवण आल्यावांचून राहत नाहीं. वीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच ज्यांनीं असत्याचा छळ सोसला त्यांच्याच सरकारनें तो दुसऱ्यांवर लादला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सत्यवाणी ही कोणत्याही राष्ट्राची वडिलोपार्जित इस्टेट नाहीं. ती लंडनला वतन म्हणून मिळालेली नव्हती, आणि पॅरिसलाही मिळाली नाहीं. लंडनची युरोपसाठींची फ्रेंच वाणी १९९५ मध्यें थांबली. आफ्रिकेसाठींची चालू राहिली. केंद्रें उघडतात, मिटतात, धनी बदलतात. आज तर निर्देह आवाज प्रत्येकाच्या तळहातावर येऊन बसला आहे, आणि तो आपल्याच भाषेंत, आपल्याच माणसाच्या लकबींत, आपल्याला आवडणाऱ्या गाण्यांच्या मधल्या जागेंत बोलतो. तो आपला आहे कीं नाहीं, हें त्याच्या भाषेवरून ठरवूं नये, कीं तो आपल्याला अभिमान वाटेल असें किती बोलतो यावरूनही ठरवूं नये. आपल्या पक्षाचा पराभव, आपल्या जातीचा दोष, आपल्या सैन्याची चूक, आपल्या हातून मेलेल्यांची संख्या, यांतलें कांहीं तो कधीं सांगतो काय, हें पाहावें. सांगत नसेल, तर त्याचा उच्चार कितीही घरगुती वाटो, तो परका आहे असें समजावें.

कंसाला झालेली वाणी त्याच्या हिताची नव्हती, आणि ती खरी होती. ऐकून त्यानें तलवार उपसली ती वाणीवर चालली नाहीं, म्हणून देवकीवर चालवूं पाहिली. अप्रिय सत्य ऐकल्यावर माणसाच्या हाताला हा जुना चाळा अजूनही आहे. तो आवरून, ऐकलेल्या शब्दाचा शांतपणें विचार करणें, एवढें ज्याला साधलें त्यालाच सत्यवाणीचा श्रोता म्हणावें; आणि असे श्रोते ज्या देशांत पुरेसे असतील, तेथें खोट्या आकाशवाणीला फार काळ भाडोत्री गळे मिळाले तरी कान मिळणार नाहींत.